गोळीचा अंगरखा

आमच्या हायस्कुलात आठवड्यातून एकदा निळ्या गोळ्या वाटल्या जातात. मुलं त्या समोरच गिळतात की खिशात टाकतात, हे पाहायला मी चेहरा शक्य तितका कडक करून व्हरांड्यात उभा राहतो. गोळी लोहाची, एवढंच ठाऊक. मी पडलो मराठीचा एम. ए.; औषधाच्या पाकिटावरचा मजकूर वाङ्मयात मोडत नाही, अशी माझी सोयीस्कर समजूत!

घरी सौ. जिना चढताना मध्येच थांबू लागली. "वय झालं" म्हणून मी मोकळा झालो. तपासलं तर हिमोग्लोबिन ८.२. डॉक्टरांनी फेरस सल्फेटची साधी गोळी दिली. तिला मळमळू लागलं. तेव्हा मीच शहाणपण केलं आणि दुकानातून 'हळूहळू विरघळणारी, पोटाला न बाधणारी' महागडी कॅप्सूल आणली. मळमळ थांबली. दोन महिन्यांनी आकडा आला ८.४.

आमचे डॉक्टर कानडी. मराठी सुरेख बोलतात, पण रागावले की मातृभाषेत शिरतात. त्यांनी समजावलं ते असं : लोह जठरातल्या आम्लात विरघळतं आणि मुख्यतः लहान आतड्याच्या अगदी सुरुवातीच्या भागात रक्तात घेतलं जातं. कॅप्सूलमधल्या दाण्यांवरचं आवरण सुटेपर्यंत तो भाग मागे पडतो. म्हणजे उतरायचं बेळगावला आणि जाग आली लोंढ्याला. पोटाला त्रास नाही, कारण लोह तिथं उतरलंच नाही!

"कशाबरोबर घेतात?" त्यांनी विचारलं.

"चहाबरोबर."

"चहा ब्याडरी, सर!"

चहातलं टॅनिन लोहाला धरून ठेवतं. सौ. कॅल्शियमची गोळीही त्याच घोटाबरोबर घेई. तीही लोहाच्या आड येते. मग पुन्हा साधी गोळी, लिंबाच्या पाण्याबरोबर. चहा आणि कॅल्शियम दोन तास लांब. मळमळलंच तर आधी थोडं खायचं. शोषण जरा घटतं, पण गोळी सुटत नाही.

मी पाकिटं वाचायला लागलो ते तेव्हापासून. वाळवलेल्या फेरस सल्फेटच्या २०० मिलिग्रॅममध्ये प्रत्यक्ष लोह ६५ मिलिग्रॅम. फेरस ग्लुकोनेटच्या ३०० मिलिग्रॅममध्ये जेमतेम ३५. मोठा आकडा पाहून फसणारा मी एकटाच नसेन. शाळेतली निळी गोळीही निरखून पाहिली. २०१८ साली सुरू झालेल्या 'अ‍ॅनिमियामुक्त भारत' योजनेत तिच्यात ६० मिलिग्रॅम लोह, ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक अ‍ॅसिड आणि वरून साखरेचा लेप ठरला आहे. हा अंगरखा जिभेपुरता. जठरात गेला की विरघळतो. फुकटची म्हणून मनातल्या मनात मी तिला किती हिणवलं होतं!

तीन महिन्यांनी सौ.चं हिमोग्लोबिन ११.१ झालं. जिना ती आता माझ्या पुढं चढते. उरलेल्या कॅप्सूल मात्र तिनं फेकलेल्या नाहीत. पाहुण्यांसमोर माझं शहाणपण निघालं, की ती डबी हमखास बाहेर येते.