बसतंय, पण त्याचं नाही

पुण्याचा जुना बाजार बुधवारी आणि रविवारी भरतो. मी रविवारी सकाळी लवकर जातो, कारण लोखंडावरचे ठसे तिरप्या उन्हातच नीट वाचता येतात. ऊन डोक्यावर आलं की खड्डा आणि अक्षर सारखंच दिसायला लागतं. परवा एका ताडपत्रीवर पाण्याच्या पंपांच्या ढिगात डायनामो पडला होता. रॉकेलचं फडकं फिरवलं, अंगठ्याने काजळी पुसली आणि आकडे वर आले: ३ ६१.

लुकास कंपनी त्या काळी डायनामोवर, स्टार्टरवर, डिस्ट्रिब्युटरवर माल तयार झाल्याचा महिना आणि साल ठोकत असे. म्हणजे हा मार्च १९६१ चा. माझी गाडी फेब्रुवारी १९५७ ची, तिला तो चार वर्षं उशिराचा. तरी मी तो घेतला. १९६१ च्या गाडीवर काम करणारा कुणीतरी कुठेतरी बसलेला असतो, आणि त्याच्या फडताळात माझ्या सालचं काहीतरी पडून असतं. या कामात पैशापेक्षा अदलाबदलीने जास्त मिळतं.

गाडी एमजीए १५००. इंग्लंडमधल्या अ‍ॅबिंग्डनच्या कारखान्यात १९५५ ते १९६२ या काळात एमजीए एक लाखाहून थोड्या अधिक बनल्या, आणि त्यांतल्या सहा हजारही ब्रिटनमध्ये विकल्या गेल्या नाहीत. बाकीच्या बोटीत चढल्या, बहुतेक अमेरिकेकडे. म्हणून डाव्या स्टिअरिंगच्या गाडीचं सामान आजही बरं मिळतं, उजव्या स्टिअरिंगचं हुडकावं लागतं. माझी उजव्या स्टिअरिंगची. गेडनच्या ब्रिटिश मोटर म्युझियममध्ये कारखान्याच्या नोंदी जपलेल्या आहेत. चासी नंबर कळवला की बांधणीची तारीख, मूळ रंग, मूळ इंजिनाचा नंबर असं उतरवून प्रमाणपत्र देतात. माझ्या प्रमाणपत्रावर रंग होता ग्लेशियर ब्लू. गाडी माझ्याकडे आली तेव्हा लालभडक होती. डॅशबोर्ड सोडवून उलटा धरला, तर मागच्या बाजूला जिथे कुणाचा ब्रश पोचला नव्हता तिथे तो फिकट निळा जसाच्या तसा होता. त्या दिवशी मी बराच वेळ काम न करता नुसता बसून राहिलो.

ही गाडी कोल्हापुरात चाळीस वर्षं चालती राहिली ती एका मिस्त्रींमुळे. मी त्यांना मामा म्हणतो. परदेशी सुटे भाग आणायचे तर परवाना लागायचा आणि तो मिळता मिळत नसे, असा तो काळ. पण एमजीएचं इंजिन होतं बीएमसीचं ‘बी सिरीज’, १४८९ सीसी, सिलिंडरचा व्यास ७३.०२५ मिलिमीटर, स्ट्रोक ८८.९. हेच इंजिन १९५९ पासून आपल्या अँबेसेडरमध्ये आलं. अ‍ॅबिंग्डनची स्पोर्ट्‌स कार आणि स्टेशनावरची टॅक्सी या दोघी अशा सख्ख्या चुलतबहिणी. अँबेसेडरमध्ये ते इंजिन ५५ हॉर्सपॉवर देई, माझ्या गाडीत ७२. फरक दोन कार्ब्युरेटरचा, जादा कॉम्प्रेशनचा आणि अशाच बारीकसारीक गोष्टींचा. बाहेरून बघणाऱ्याला तो दिसत नाही.

मामांनी त्या नात्याचा पुरेपूर उपयोग केला. गास्केट, व्हॉल्व्ह, पाण्याचा पंप, डिस्ट्रिब्युटर, जे मोडेल ते अँबेसेडरचं चढवलं. मी पहिल्यांदा बॉनेट उघडून एकेका भागावर बोट ठेवत ‘हे हिचं नाही, हेही नाही’ असं म्हणायला लागलो, तेव्हा ते शांतपणे म्हणाले, “बसतंय न्हवं? मग झालं की.”

या प्रश्नाशी माझं काम गेली सात वर्षं चाललं आहे. बसतं ते सगळं त्याचं असतं का?

सर्वांत आधी बोल्टांचंच घ्या. आपल्याकडचे जुने फिटर सुतात मोजतात. एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. माझ्या गाडीवर अडीच सुताचे, म्हणजे पाच-सोळांश इंची बोल्ट ठिकठिकाणी आहेत. त्यांचा व्यास ७.९४ मिलिमीटर. बाजारात हात घातला की मिळतो आठ मिलिमीटरचा. फरक केसाएवढा, म्हणून तो भोकात जातो. पण इंची यूएनएफ बोल्टाला इंचात चोवीस आटे, आठ मिलिमीटरच्या साध्या बोल्टाला जेमतेम वीस. पहिले दोन आटे गोडीने जातात, तिसऱ्याला जड लागतं, आणि तिथे पान्याला पाइप लावून जोर केला की भोकातले आटे कायमचे गेले. माझ्या गाडीत अशी अकरा भोकं निघाली. बोल्ट वीस रुपयांचा असेल, पण भोक ओतीव ब्लॉकमधलं. प्रत्येक भोक वाढवून, आत आट्यांची स्प्रिंग बसवून पुन्हा मूळ मापाला आणताना उद्यमनगरातल्या लेथवाल्यालाही घाम फुटला.

खरा बोल्ट ओळखायला डोकं बघायचं. त्या काळच्या युनिफाइड आट्याच्या बोल्टाच्या माथ्यावर गोल खळगा असे आणि नटाच्या एका पैलूवर एकमेकांना चिकटलेली वर्तुळं. नुकतीच जुनी व्हिटवर्थ पद्धत सोडून नवी आली होती, दोन्ही कारखान्यात शेजारी-शेजारी नांदत होत्या, म्हणून कामगाराने घोटाळा करू नये यासाठी ही खूण. आट्याचा कोन व्हिटवर्थमध्ये ५५ अंश, युनिफाइडमध्ये ६०, आणि विजेच्या सामानातल्या बारीक बीए स्क्रूंमध्ये साडेसत्तेचाळीस. माझ्या गाडीच्या आधीच्या पिढीतल्या एमजी टीसीचं तर आणखी वेगळं. तिचं इंजिन कोव्हेंट्रीच्या ज्या कारखान्यात झालं तो मूळचा हॉचकिस या फ्रेंच कंपनीचा. १९२३ मध्ये मॉरिसने तो घेतला, यंत्रं राहिली फ्रेंचच. म्हणून त्या इंजिनात आटे मेट्रिक आणि बोल्टाची डोकी व्हिटवर्थच्या पान्याची. हे वाचलं तेव्हापासून बोल्टाकडे मी नुसता बोल्ट म्हणून बघू शकत नाही. त्यात कोण कुणाच्या देशात गेला, कुणी काय विकत घेतलं, सगळं गुंडाळलेलं असतं.

डिस्ट्रिब्युटरने मला जास्त शिकवलं. मामांनी बसवलेला लुकास-टीव्हीएसचा, मद्रासकडचा. बसत होता, ठिणगी पाडत होता, गाडी सुरूही होत होती. पण घाटात चौथ्या गिअरला नेट लावला की इंजिनातून खडखड यायची. डिस्ट्रिब्युटरच्या पोटात दोन वजनं आणि दोन स्प्रिंगा असतात. इंजिन जसं वेग धरतं तशी वजनं फाकतात आणि ठिणगी लवकर पडते. किती वेगाला किती अंश लवकर, हे त्या स्प्रिंगांच्या ताणात ठरलेलं. शिवाय बाजूच्या व्हॅक्यूमच्या डबीवर तीन आकडे असतात: किती ओढीला सुरुवात, किती ओढीला शेवट, जास्तीत जास्त किती अंश. अँबेसेडरच्या डिस्ट्रिब्युटरला ते शिक्षण मिळालं होतं टॅक्सीच्या चालीचं. माझ्या इंजिनाचा श्वास वेगळा.

मूळचा डीएम२ जातीचा डिस्ट्रिब्युटर मला मिळाला हॅम्पशायरमधल्या ब्यूलीला. तिथे १९६७ पासून जुन्या गाड्यांच्या सामानाचा मोठा बाजार भरतो, सप्टेंबरात. रिमझिम पावसात एका म्हाताऱ्या बाईंनी बिस्किटांचा पत्र्याचा डबा पुढे केला. त्यांच्या नवऱ्याचं सामान होतं. डिस्ट्रिब्युटरच्या अंगावर १९५६ च्या डिसेंबरचा ठसा. गाडीच्या तारखेआधी दोन महिने, म्हणजे कारखान्यात माल येऊन मांडणीवर थांबायला लागतो तेवढाच वेळ. बाईंनी सांगितलेली किंमत मी कमी करायला सांगितली नाही.

रबराच्या बाबतीत मात्र मी कसलीच जुनी तारीख पाळत नाही. ब्रेकच्या नळ्या, टायर, पेट्रोलचा पाइप सगळं आजचं. पन्नास वर्षं डब्यात न वापरता राहिलेली ब्रेकची नळी बाहेरून नवी दिसते, आतून फुगून बंद होते आणि दाबलेला ब्रेक सुटत नाही. प्रदर्शनात गुण मिळावेत म्हणून असली नळी लावणारे मी पाहिले आहेत. मला ते पटत नाही. गाडीत माणसं बसतात.

एका दुकानाने मला ‘अगदी मूळ’ म्हणून पाठवलेली नवी पुनर्निर्मित डिस्ट्रिब्युटरची टोपी तीनशे किलोमीटरवर तडकली. मग मामांनीच त्यांच्या खोक्यातून एक जुनी, तपकिरी झालेली टोपी काढून दिली. ती कोणत्या गाडीवरची हे त्यांना आठवत नव्हतं. आत कार्बनचं बोंड, चारही पितळी टोकं शाबूत. आजही तीच चढवलेली आहे.

गेल्या दिवाळीनंतर गाडी निळी होऊन कोल्हापुरात पहिल्यांदा मामांच्या दारात उभी केली. ते आता पंच्याऐंशीचे आहेत. बॉनेट उघडलं, ते वाकले, डिस्ट्रिब्युटरवर हात ठेवला, ठशावरून बोट फिरवलं. बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “माझा कुठाय?”

मी डिकी उघडली. स्टेपनीच्या शेजारी, हत्यारांच्या गुंडाळीत, त्यांचा मद्रासचा डिस्ट्रिब्युटर ठेवलेला होता. तेल लावून, फडक्यात बांधून, वर त्यांनी तो बसवल्याचं साल माझ्या अक्षरात लिहून. रस्त्यात मूळचा बंद पडला तर जागेवर तोच चढणार होता. त्यांनी गाठ सोडली, टोपी काढली, रोटर नखाने खरवडून पाहिला.

“पॉइंट घासून घे,” ते म्हणाले. “काळं पडलंय.”

मी पॉलिश पेपर आणायला आत गेलो.