जबड्याला सवड द्या

देवरुखहून, कसब्याहून, शास्त्री-सोनवीच्या काठच्या वाड्यांमधून आया मुलांना घेऊन संगमेश्वरात येतात. “डॉक्टर, दात पुढे आलेत याचे, तेवढे आत घ्या.” तपासावं तर बऱ्याचदा वरचे दात जागेवरच असतात, खालचा जबडा मागे राहिलेला असतो. खालचा ओठ वरच्या दातांखाली अडकतो आणि त्यांना आणखी बाहेर रेटतो. अशा मुलाला मी तारेआधी ट्विन ब्लॉक देतो. स्कॉटलंडच्या विल्यम क्लार्क यांनी १९७७ साली वापरात आणलेली ही प्लेट. वर-खाली अ‍ॅक्रिलिकचे उतरते ठोकळे असतात. तोंड मिटताना खालचा जबडा आपसूक पुढे सरकतो.

खरं कसब माप घेण्यात आहे. गुलाबी मेण गरम पाण्यात मऊ करून दातांवर ठेवायचं, मुलाला जबडा पुढे आणायला सांगायचं आणि आपली बोटं त्याच्या कानशिलावर ठेवायची. जबडा मागे ओढणारा टेम्पोरॅलिस स्नायू तिथे हाताला लागतो. तो थरथरू लागला की मी एखादा मिलिमीटर मागे येतो. एकदम फार पुढे ओढलेला जबडा मूल सोसत नाही, प्लेट काढून ठेवतं.

स्नायू रबरासारखा नुसता ताणून राहत नाही. ताण टिकला तर तो लांबीत नवे घटक जोडतो. हे घटक म्हणजे सार्कोमिअर, मिलिमीटरभर धाग्यात साधारण ४००. १९७२ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात मांजराच्या पोटरीचा स्नायू ४ आठवडे ताणून प्लास्टरमध्ये ठेवला, तेव्हा ते सुमारे २० टक्क्यांनी वाढले. आखडून ठेवलेल्या स्नायूत ४० टक्क्यांनी घटले. म्हणून तर प्लेट जेवतानाही तोंडात हवी. पहिले तीन-चार दिवस कानापुढे ठणकतं, भाकरी चावत नाही; तेव्हा पेज, मऊ भात द्यावा. काही आठवड्यांनी मुलाला जबडा मागे न्यायला सांगितलं तर तेच त्याला जड जातं. स्नायूंनी नवी जागा मानलेली असते. हाडाला आणि दातांना मात्र अजून कितीतरी महिने लागायचे असतात, आणि नेमकी तेव्हाच आंब्या-फणसाच्या सुटीत प्लेट डब्यात जाते. स्नायू पुन्हा आखडतात.

सगळा फरक हाड वाढल्याने पडतो, असं मी कुणाला सांगत नाही. त्यात दात कलण्याचाही मोठा वाटा असतो. तरी वाढीचं वय हाताशी असेल तरच हे साधतं, आणि मुलींचं ते वय मुलांच्या आधी येतं. लग्न ठरल्यावर आणलेल्या मुलीसाठी तार किंवा शस्त्रक्रिया एवढेच मार्ग उरतात. तेव्हा पाचवी-सहावीतल्या मुलाचे ओठ सहज मिटत नसतील, तर आताच एकदा दाखवून घ्या.