माहेरचं नाव

बंगळूरच्या मराठी माणसाला एक प्रश्न नेहमी ऐकावा लागतो, ''तुम्ही इथे कधी आलात?'' आमच्याकडे याचं ऐटबाज उत्तर तयार असतं. १६३८ मध्ये बंगळूर आदिलशाहीनं घेतलं आणि ते शहाजीराजांना जहागीर मिळालं. आमच्या मल्लेश्वरममधल्या काडु मल्लेश्वराला व्यंकोजीराजांनी १६६९ मध्ये गाव इनाम दिल्याचा शिलालेखही आहे. पण राजांचं ठीक, आमचं काय? सासऱ्यांना एवढंच ठाऊक होतं, की मूळ गाव साताऱ्याकडचं आणि आजोबा पोटापाण्यासाठी इकडे आले.

सासरे गेल्यावर अस्थी घेऊन आम्ही नाशिकला गेलो. रामकुंडावर पहिला प्रश्न आला, ''आडनाव? मूळ गाव?'' तिथल्या उपाध्यायांनी यजमान आडनावांनुसार, गावांनुसार वाटून घेतलेले असतात. अर्ध्या तासात आमचे गुरुजी सापडले आणि त्यांनी नामावळीची जाडजूड वही उघडली.

इंग्लंडमध्ये १५३८ पासून प्रत्येक चर्चला बाप्तिस्मा, लग्न, दफन यांची नोंद ठेवायचा हुकूम होता म्हणे. आपल्याकडे हुकमाशिवायच ही वही चालू राहिली. यात्रेला येणारा आपली, भावांची, मुलांची नावं लिहून खाली सही करतो. जुनी पानं मोडीत होती. ह्यांना पणजोबांचं अक्षर दिसत होतं, पण वाचता येत नव्हतं. गुरुजी वाचत गेले आणि हे नुसते पानावर हात ठेवून बसले.

सासऱ्यांची जुनी नोंदही निघाली. त्यात पत्नी म्हणून सासूबाईंचं नाव होतं, लग्नात तांदळांत अंगठीनं लिहिलेलं. त्या पुढे सरकल्या. म्हणाल्या, ''हे झालं सासरचं. त्याआधी सतरा वर्षं माझं दुसरं नाव होतं. तेही लिहा.''

''आजी, तशी पद्धत नाही,'' गुरुजी म्हणाले.

''पद्धत नसेल, शाई आहे ना?''

गुरुजी हसले आणि त्यांनी वही ह्यांच्यापुढे केली. साठीला आलेल्या माझ्या नवऱ्यानं आईला तिचं माहेरचं नाव विचारलं, तिच्या वडिलांचं, गावाचं विचारलं आणि सावकाश लिहून काढलं. सासूबाई चष्मा सावरून पाहत होत्या.

''आता खाली कानडीतही लिही,'' त्या म्हणाल्या. ''उद्या नातवंडं येतील, त्यांना कुठलं मराठी वाचता येतंय!''