फिरतं बिऱ्हाड

मास्तराला स्वतःचं टेबल असावं, ही माझी जुनी हौस. मोर्शीच्या आमच्या कॉलेजात ती भलत्याच रीतीनं पुरी झाली. "सर, आता कोणत्याही कॉम्प्युटरवर बसा ना," यंत्रं सांभाळणारा आमचा जुना विद्यार्थी म्हणाला, "नाव अन् पासवर्ड टाकला, की तुमचंच टेबल समोर!" याला म्हणे रोमिंग प्रोफाइल म्हणतात. बिऱ्हाड सर्व्हरवर, आत शिरताना त्याची नक्कल आपल्या यंत्रावर येते, निरोप घेताना केलेले फेरफार परत जातात.

निरोप घेताना! लीळाचरित्रावरची टिपणं नुकतीच जपून ठेवली, आणि वीज गेली. दुसऱ्या दिवशी ग्रंथालयातल्या यंत्रावर पाहतो, तर ती गायब! कालच्या यंत्रातच ती अडकून पडली होती.

आमच्याच तालुक्यातलं रिद्धपूर. तेराव्या शतकात म्हाइंभटांनी हिंडून चक्रधरांच्या आठवणी गोळा केल्या, आणि तिथं लीळाचरित्र सिद्ध केलं. पुढे मूळ पोथी हरवली, आणि अनुयायांनी स्मरणातून ती पुन्हा उभी केली, असं सांगतात. तिची नक्कल अनेकांच्या मनात होती. माझ्या टिपणांची माझ्यासुद्धा नव्हती!

आता उठण्यापूर्वी मी रीतसर निरोप घेतो. पण त्याआधी लिहिलेलं एकदा मनात घोळवून पाहतो.