उतरलेलं वजन आणि परत येणारं वजन



पर्युषणात अठाई करून पारणं झालं की आपल्यापैकी कितीतरी जणी हळूच वजनकाट्यावर उभ्या राहतात. चार किलो उतरलेलं असतं, सगळ्या कौतुक करतात. दिवाळीचा फराळ होईपर्यंत ते चारही किलो परत आलेले असतात, आणि त्याबद्दल मात्र कोणी बोलत नाही. आज त्याच परत आलेल्या वजनाबद्दल लिहितेय.

माझ्या आईला मधुमेह होता. माझीही साखर काठावर आली, तेव्हा डॉक्टरांनी वजन कमी करायला सांगितलं. मी लो-कार्ब सुरू केलं, म्हणजे भात, पोळी, साखर कमी आणि डाळी, पनीर, दाणे, भाज्या जास्त. सात महिन्यांत ७८ वरून ६९ वर आले. पुढच्या दीड वर्षात त्यातले सहा किलो परत आले.

आपल्या स्वयंपाकघरात लो-कार्ब करणं सोपं नाही. अंडी-मासे नाहीतच. कंदमुळं नाहीत म्हणून बटाट्याच्या जागी आपण कच्चं केळं घालतो, पण तेही पिठूळच. आमच्या वटारला तर केळीच्या वाड्या दाराशी, आणि सुकेळी समोर आली की हात आवरत नाही. मुगाच्या धिरड्याबरोबर कच्चं दही घ्यावं तर द्विदळ होतं. चातुर्मासात पालेभाज्या बंद, आठम-चौदसला हिरवं बंद. मग ताटात उरतं काय? डाळ, भात, पोळी, खिचडी. आयंबिलात तर दूध, दही, तूप, तेल, गूळ-साखर, तळलेलं असं सगळं वर्ज्य. उरतं ते धान्य आणि कडधान्य, म्हणजे लो-कार्बच्या अगदी उलट.

वजन परत का येतं, हे समजून घेतलं तेव्हा मन हलकं झालं. पहिल्या आठवड्यात भराभर उतरतं ते बरंचसं पाणी असतं. यकृतात आणि स्नायूंत साखरेचा जो साठा असतो, त्यातल्या प्रत्येक ग्रॅमबरोबर साधारण तीन ग्रॅम पाणी असतं. साठा संपला की ते पाणी जातं आणि भात खाल्ला की परत येतं. खरी चरबी उतरली तरी शरीर ती सहजासहजी सोडत नाही. ऑस्ट्रेलियात ५० जणांचं वजन १० आठवड्यांत उतरवून त्यांच्या रक्तातली भुकेची संप्रेरकं तपासली गेली. २०११ साली तो अभ्यास प्रसिद्ध झाला. वर्ष उलटलं तरी त्यांचं शरीर भूक वाढवतच होतं. म्हणजे वजन परत आलेली बाई आळशी किंवा जिभेची गुलाम असतेच असं नाही. तिचं शरीर दुष्काळ आला समजून धान्य राखत असतं.

आणि दुष्काळाची आठवण तर आपल्या शेजारच्या सोपाऱ्याला आहेच. आचार्य वज्रसेनसूरींची कथा तुम्ही ऐकली असेल. मोठा दुष्काळ पडला होता. एका श्रेष्ठीच्या घरी लाख मोलाचं अन्न शिजलं होतं आणि त्यात विष कालवून सगळं कुटुंब जीवन संपवायला निघालं होतं. महाराजांनी थांबवलं, उद्या धान्य येईल म्हणाले, आणि सोपाऱ्याच्या बंदरात धान्याची जहाजं लागली. अशा कितीतरी दुष्काळांतून तगलेल्या पिढ्यांची शरीरं आपल्याला मिळालेली आहेत.

मग टिकतं ते काय? अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठाने ६०९ जणांना वर्षभर दोन गटांत ठेवलं, एक गट कमी पिष्टाचा, दुसरा कमी स्निग्धाचा. २०१८ साली निकाल आला, तेव्हा दोन्ही गटांच्या उतरलेल्या वजनात म्हणण्याजोगा फरक नव्हता. जे वर्षानुवर्षं जमेल तेच आपलं, असा अर्थ मी त्यातून घेतला.

आपल्याकडे डॉ. जगन्नाथ दीक्षितांनी डॉ. श्रीकांत जिचकारांच्या विचारावरून दिवसात दोनच जेवणं सांगितली. खरी भूक लागेल तेव्हा बसायचं, ५५ मिनिटांत उठायचं आणि रोज ४५ मिनिटं चालायचं. माझ्या सासूबाई हे ऐकून म्हणाल्या, "अगं, हे तर आपलं बियासणंच!" दोन्ही जेवणं दिवसाउजेडी घेतली की चौविहारही सांभाळला जातो. मी आता हेच करते. ताटात आधी भाजी आणि डाळ, मग एक पोळी. तिथीला हिरवं नसतं तेव्हा मुगाचं वरण दोन वाट्या आणि भात अर्धी वाटी. वजन दीड वर्ष ७२-७३ वर आहे. ६९ नाही, पण साखर आटोक्यात आहे. मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांनी मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय जेवणाच्या वेळा बदलू नयेत, उपवासही करू नये.

एक गोष्ट मी कटाक्षाने पाळते. वजनासाठी दोन वेळा जेवते, त्या दिवसाला मी बियासणं म्हणत नाही. पच्चक्खाण घेते ते कर्मनिर्जरेसाठी, आणि त्या दिवसांत काट्यावर पाऊल ठेवत नाही. तपातून संसारातलं फळ मागणं म्हणजे निदान, हे आपण लहानपणापासून ऐकत आलोय. बारीक होण्यासाठी केलेली अठाई देहाचे लाड पुरवते, तप म्हणून तिचं फारसं काही उरत नाही.

दोन्हींना जोडणारी एक वाट आपल्याकडे आहे, ती ऊणोदरीची. शास्त्रात पुरुषाचा पूर्ण आहार ३२ घास आणि स्त्रीचा २८ घास सांगितलाय, आणि त्याहून कमी जेवणं हे बाह्य तपाच्या सहा प्रकारांत मोजलंय. त्याचं पारणं नसतं, वरघोडा नसतो, कोणी कौतुकही करत नाही. चार घास पोटात जागा ठेवून उठायचं, एवढंच. ते मात्र रोज, दोन्ही वेळा, आणि फराळाच्या दिवसांतही.