आजीचा ओवा

वसुबारशीला आमच्या तिसऱ्या मजल्यावर गाय येते ती रांगोळीची. यंदा तिची पूजा आटोपली आणि मी दरसालची गोष्ट सुरू केली. मराठीचा प्राध्यापक मी; गोष्ट तिखटमीठ लावून सांगण्याची खोड जुनीच!

१९८८ साली आमची कपिला दंवात भिजलेला कोवळा लसूणघास खाऊन फुगली. डावी कूस ढोलासारखी वाजू लागली. आजीने तांब्याभर गोडेतेलात ओवा नि हिंग कालवून वेळूच्या नळीने पाजले. थोड्या वेळाने कपिला रवंथ करू लागली आणि ‘आजीचा ओवा’ पंचक्रोशीत गाजला.

“मामा, ओव्याला फार श्रेय देऊ नकोस हं,” भाची म्हणाली. ती पशुवैद्यकाच्या शेवटच्या वर्षाला आहे.

मग तिने आमचा वर्ग घेतला. गाईचे पहिले पोट शंभर लिटरांहून मोठे. त्यात असंख्य सूक्ष्म जंतू चारा आंबवतात. वायू होतो तो ढेकरांवाटे बाहेर पडतो. त्यातला मिथेन हवा तापवतो, म्हणून शास्त्रज्ञ ओवा, लवंग, लसूण यांची अर्कतेले पशुखाद्यात घालून पाहतात. ओव्यातला थायमॉल जंतूंना आवरतो खरा. काचपात्रात हे छान जमते. गाईच्या पोटात मात्र जंतू पुष्कळदा त्याला सरावतात. मात्रा फार वाढवावी, तर चारा पचवणाऱ्या जंतूंवरच घाला येतो!

“तुमच्या कपिलेला तारलं ते गोडेतेलानं. कोवळ्या घासाचा पोटात फेस झाला, त्यात वायू कोंडला. तेलानं फेस मोडला.”

मी हिरमुसलो. मग न राहवून, आजवर कधी न सांगितलेला उत्तरार्ध सांगितला. दोन वर्षांनी, मे महिन्यात, कपिला पुन्हा फुगली. तेच तेल, तोच ओवा. गुरांचे डॉक्टर तीन कोसांवर होते. पण घरात आजी असताना डॉक्टर कशाला, असे आम्हा सर्वांचेच मत! पहाटे कपिला गेली. “माझा हात चुकला,” एवढेच आजी म्हणाली. पुढे तिने कुणाच्याही गुराला औषध दिले नाही.

“त्या दिवशी काय खाल्लं होतं तिनं?” भाचीने विचारले.

“आमरसाचा बेत होता. कोया गोठ्यामागे टाकल्या होत्या...”

“मग घशात कोय अडकली असेल. ढेकरच बंद! तिथं तेल काय नि ओवा काय, खाली उतरणार कसं? डॉक्टरच हवा होता.”

म्हणजे आजीचा हात चुकला नव्हता. एकदा आलेल्या यशाची आम्हीच दंतकथा केली, आणि तिच्या भरवशावर स्वस्थ बसलो. आजीला जाऊन वीस वर्षे झाली. हा निरोप तिला आता कोण पोचवणार?

रात्री जेवणानंतर पत्नीने नेहमीप्रमाणे चिमूटभर ओवा हातावर ठेवला. बराच वेळ तो तोंडात टाकवेना.