उजळणी, सोळा आणे

दहावीची परीक्षा संपली त्या दिवशी गणिताने मला सोडले आणि मी गणिताला. भांडण असे काही नव्हते. १०० पैकी ७१ गुण देऊन त्याने माझी बोळवण केली होती, आणि मीही मागे वळून पाहिले नाही. पुढे कला शाखा घेतली, बी. ए.ला इतिहास आणि मराठी आले. इतिहासात सनावळ्यांपलीकडे आकड्यांचा जाच नसतो. पाच वर्षे सुखात गेली. मग घरात नोकरीचा विषय निघाला, बँकेच्या लिपिक परीक्षेचा अर्ज भरला, आणि जुन्या ओळखीचा माणूस बसथांब्यावर अचानक समोर यावा तसे गणित पुन्हा समोर आले. तोंड चुकवायला जागा नव्हती.

या पूर्वपरीक्षेत अंकगणिताचे ३५ प्रश्न आणि वेळ २० मिनिटे. म्हणजे एका प्रश्नाला जेमतेम सव्वाचौतीस सेकंद. चार उत्तरे चुकली की बरोबर आलेल्यातला एक गुण जातो. शिवाय इंग्रजी, बुद्धिमापन आणि अंकगणित या तिन्हींत वेगवेगळे पास व्हावे लागते. एकात बुडालेल्याला दुसरा विषय हात देत नाही. पहिल्या खेपेला मी पहाटेच्या एस.टी.ने तवंदीचा घाट चढून बेळगावला गेले, संगणकासमोर बसले आणि मोठ्या उत्साहाने ३३ प्रश्न सोडवून आले. पुढे गुण कळले. १७ बरोबर, १६ चूक. सोळाचे चार वजा जाऊन उरले तेरा. इंग्रजीत मी पास होते. इंग्रजीची भीती घेऊन गेलेली मुलगी बेरीज-भागाकारात नापास होऊन परत आली!

घरी कोणी काही बोलले नाही. वडील कागलच्या औद्योगिक वसाहतीत पाळीवर जातात, आई विड्या वळते. परीक्षेचे शुल्क आणि बसभाडे मिळून आईने किती हजार विड्या वळल्या असतील हा हिशेब मी त्या रात्री केला. तो मात्र बरोबर आला.

मग सुरू झाली तयारी. तयारी म्हणजे काय, हे मला तेव्हा कुठे ठाऊक होते? एक जाडजूड मार्गदर्शक आणले, मोबाइलवर झटपट युक्त्या पाहिल्या. पंचाण्णवला सत्त्याण्णवने तीन सेकंदांत कसे गुणावे, आगगाडी पूल किती वेळात ओलांडते. पंधरा दिवसांनी सराव परीक्षा दिली तेव्हा मिळाले बारा. आगगाडी पुलावर, आणि मी होते तिथेही नाही.

आमच्या महाविद्यालयातल्या गणिताच्या सरांना भीतभीत विचारले, कारण मी त्यांची विद्यार्थिनी नव्हे. ते म्हणाले, ''बरोबर आलेली गणितं फेकून दे. एक वही कर आणि तिच्यात फक्त चुकलेली लिही. गणित कसं चुकलं ते एका ओळीत.'' तीन आठवड्यांत वहीत ८० गणिते जमली. एका रविवारी ती घेऊन बसले आणि त्यांच्या जाती पाडल्या. रीतच ठाऊक नाही अशी गणिते निघाली फक्त ९. बाकीची सगळी मला 'येत' होती! ३१ गणिते अपूर्णांक आणि शेकडेवारीत गेली होती, १७ पाढे आणि चिन्हांत, आणि २३ गणिते अशी की त्यांत मी पडद्यावरचा आकडाच कागदावर उलटा उतरवला होता. ५३ चे ३५, ७२ चे २७. पुढची सारी रीत बिनचूक, फक्त गणित भलत्याचेच.

या तेवीस चुकांनी मला फार लाज वाटली. दुसरीतल्या पोरानेही करू नये अशी चूक. पण लाज बाजूला ठेवून स्वतःकडे लक्ष दिले तेव्हा एक गोष्ट कळली. पडद्यावरून कागदावर आकडा मी डोळ्यांनी नेत नाही, तोंडाने नेते. ५३ दिसले की मनात 'त्रेपन्न' म्हणते. त्यातला तीन आधी उच्चारला जातो, पन्नास मागून येतो. आणि घाईत हात उच्चाराच्या मागे धावतो. मराठीत एकवीसपासून पुढे हा क्रम असाच, एकक आधी आणि दशक नंतर. त्यातही आमची एकोणतीस, एकोणचाळीस ही मंडळी पुढच्या दशकातून एक उणा करून येतात, पण एकोणनव्वदपर्यंतच. ९९ ला मात्र नव्व्याण्णव म्हणायचे. का, ते विचारायचे नाही.

आमच्या घरात याला आणखी एक पदर आहे. आईचे माहेर गोकाकचे. बोलते मराठी, पण मोजते कन्नडमध्ये. ओंदु, एरडु, मूरु. विड्यांचा पंचवीसचा कट्टा बांधताना तिचे ओठ हलतात आणि शेवटी 'इप्पत्तैदु' येते. कन्नडमध्ये वीस आधी, पाच नंतर, जसे लिहायचे तसेच बोलायचे. ७२ म्हणजे 'एप्पत्तेरडु', सत्तर आणि दोन. मी मात्र मराठी शाळेत 'बाहत्तर' शिकले. लहानपणी माझ्या कानात दोन्ही क्रम एकाच वेळी पडले. त्याचा मला तोटा झाला की फायदा, हे मी अजून ठरवते आहे.

२०१९ च्या जून महिन्यात महाराष्ट्रात बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकावरून वाद उठला होता, तो वाचकांना आठवत असेल. एकवीस, बावीस यांच्या जोडीला 'वीस एक', 'वीस दोन' असे वाचन त्यात दिले होते. गणित समितीच्या अध्यक्ष मंगला नारळीकर होत्या. जोडाक्षरांची आणि उलट्या क्रमाची ही नावे लहान मुलांना जड जातात, असे त्यांचे म्हणणे होते. वर्तमानपत्रांतून टीका झाली, विधानसभेत कोट्या झाल्या. मी तेव्हा शाळेत होते. आज्जा वर्तमानपत्र आपटून म्हणाले, ''भाषा बुडवायला निघालीत ही माणसं.'' आई सुपातून मान वर न काढता म्हणाली, ''आमच्यात असंच म्हणत्यात की मामा. कुटं काय बुडालंय?'' आज्जांना उत्तर सुचले नाही, म्हणून त्यांनी चहा मागितला.

मला स्वतःला 'बाहत्तर' सोडवत नाही. पण त्या रविवारनंतर परीक्षेपुरती मी एक तडजोड केली. आकडा तोंडाने न्यायचाच तर कन्नडमध्ये न्यायचा. कन्नड माध्यमातून आलेली माझी एक मैत्रीण याच परीक्षेला बसत होती. ग्रंथालयामागच्या ओट्यावर आम्ही रोज अर्धा तास बसू लागलो. ती मला पन्नास संख्या कन्नडमध्ये सांगे, मी तिला पन्नास मराठीत. पहिल्या दिवशी माझ्या सहा चुकल्या आणि तिच्या एकोणीस. 'एकोणऐंशी' म्हटले की ती बिनदिक्कत ८१ लिही, कारण तिला 'एक' ऐकू येई आणि 'ऐंशी'. वर मलाच विचारी, ''एक आणि ऐंशी मिळून एकोणऐंशी होत असतील तर चूक कोणाची?'' महिन्याभरात दोघींची पाटी जवळजवळ कोरी झाली. येणारेजाणारे हसत. पदवीच्या शेवटच्या वर्षाच्या मुली शंभरपर्यंतचे आकडे लिहितात म्हणजे काय!

अपूर्णांकांचे दुखणे अधिक खोल होते. ते कुठे मोडले आहे हे शोधत मी मागे मागे गेले. दहावीचे पुस्तक सोडून आठवीचे घेतले, आठवीचे सोडून सहावीचे. शेजारच्या पोराचे सहावीचे पुस्तक मागताना ''ताई, तुला कशाला?'' हे ऐकावे लागले ते वेगळेच. तिथे सापडले. १/२ आणि १/३ यांची बेरीज मी करत असे ती लसाविच्या रीतीने, पण रीत विसरले की वरचे वरच्यात आणि खालचे खालच्यात मिळवून २/५ लिहून मोकळी होत असे. २/५ हे तर निम्म्याहूनही कमी! अर्ध्या भाकरीत आणखी तुकडा घातला आणि भाकरी अर्ध्याहून कमी झाली, हे कधी खटकलेच नव्हते. सरांना सांगितले तेव्हा ते म्हणाले, छेद सारखे करून घेण्याची ही रीत आपल्या कर्नाटकातल्याच महावीराचार्यांच्या 'गणितसारसंग्रहा'त आहे. नवव्या शतकात, राष्ट्रकूट राजा अमोघवर्षाच्या काळात हा ग्रंथ झाला. राजधानी मान्यखेट, म्हणजे आजच्या कलबुर्गी जिल्ह्यातले मळखेड. अकराशे वर्षांपूर्वी आपल्या दाराशी मांडून ठेवलेली गोष्ट मी बी. ए.च्या शेवटच्या वर्षी उचलत होते. इतिहासाच्या विद्यार्थिनीला हा टोला चांगलाच बसला.

रीत आली तरी वेग येईना. तो दिला आज्जांनी. आज्जांचे वय आज ८२ आहे. तंबाखूच्या वखारीत दिवाणजी म्हणून त्यांनी आयुष्य काढले. त्यांच्या शाळेत दिवेलागणीचा परवचा असे. तिसापर्यंत पाढे, आणि त्यापुढे पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी, औटकी. औट म्हणजे साडेतीन, हे मला परीक्षेनिमित्त कळले. १ नोव्हेंबर १९५६ ला आमचा भाग मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेला आणि १ एप्रिल १९५७ ला रुपयाचे शंभर नवे पैसे झाले. आज्जा म्हणतात, ''पाच महिन्यांत राज्य बदललं आणि रुपाया बदलला. राज्याचं कळंना, पर रुपायाचं लई जड गेलं.'' जड गेले म्हणजे काय, तर ते आजही मनात सोळा आण्यांतच हिशेब करतात.

एका संध्याकाळी मी अडले होते. एका संख्येचे ३७.५ टक्के काढायचे होते. मी ३७.५ गुणिले काहीतरी, भागिले शंभर असे मांडत होते. आज्जा बाजेवरून म्हणाले, ''साडेसदतीस? आगं, सा आणं की ते.'' मी पाहतच राहिले. सोळातले सहा. म्हणजे आठातले तीन. संख्येला आठाने भागा, तिनाने गुणा, झाले. आठ आणे म्हणजे पन्नास टक्के, चार आणे पंचवीस, दोन आणे साडेबारा, एक आणा सव्वासहा. मार्गदर्शकात जो तक्ता 'पाठ करा' म्हणून चौकटीत छापला होता, तो या म्हाताऱ्याच्या खिशात सत्तर वर्षे खुळखुळत होता.

दुसरे गणित मला पहिल्या परीक्षेत आले होते आणि चुकले होते. वस्तूचा भाव २५ टक्क्यांनी वाढला. तो मूळ जागी आणायला किती टक्के उतरवावा? मी ठामपणे २५ लिहून आले होते. आज्जा म्हणाले, ''चार आण्याचं पाच आणं झालं. चढला एक आणा. आता उतरवायचा बी एकच, पर कशातला? पाचातला.'' पाचातला एक, म्हणजे २० टक्के. शेकडेवारी कशाची, हा प्रश्न मी कधी विचारतच नव्हते. वहीतल्या ३१ चुकांपैकी निम्म्याहून अधिक या एका न विचारलेल्या प्रश्नाच्या होत्या.

आई हे ऐकत होती. ती म्हणाली, ''मग माझं सांग. शंभरातल्या पाच विड्या नापास करून टाकून देतात. हजार भरायला हव्यात तर किती वळू?'' मी म्हटले, ''एक हजार पन्नास.'' आई हसली. ''पुरत नाहीत.'' मी कागद घेतला. १०५० चे पाच टक्के म्हणजे साडेबावन्न. उरल्या ९९७ आणि अर्धी. खरेच पुरत नाहीत. वीसातल्या एकोणीस पास होतात, म्हणून हजाराला एकोणिसाने भागून विसाने गुणायचे. उत्तर आले १०५३. आणि आई इतकी वर्षे काय करत होती? चाळीस कट्ट्यांवर दोन कट्टे, आणि वर चार-पाच विड्या हाताला येतील तशा. टाकलेल्या विड्यांची मजुरी मिळत नाही. तेव्हा हे गणित तिचे चुकून चालणारच नव्हते.

दुसऱ्या खेपेला मी फक्त २६ प्रश्न सोडवले. बाकीच्यांना हात लावला नाही. आकडे ओठांवर कन्नडमध्ये घेतले. शेजारच्या मुलाने एकदा वळून पाहिले. साडेबासष्ट टक्क्यांचे एक गणित आले. दहा आणे, असे मनात म्हटले आणि कोणीतरी बाजेवरून खाकरल्याचा भास झाला. पूर्वपरीक्षा पास झाले आहे; मुख्य परीक्षेचा निकाल हा अंक छापायला जाईपर्यंत लागलेला नाही.

आता आज्जांना नवाच छंद लागला आहे. दिवा लागला की ते मला बोलावून औटकी म्हणायला लावतात, आणि मी सातावर अडखळते. काल आई सूप आवरताना म्हणाली, ''एक हजार त्रेपन्नचे कट्टे किती गं?'' मी म्हटले, ''बेचाळीस, वर तीन.'' ती स्वतःशीच पुटपुटली, ''नलवत्तेरडु, मेले मूरु,'' आणि दोरा तोडून पुढच्या कट्ट्याला लागली.